गिअर खरे, धडक खोटी

विज्ञानाच्या मासिकात संगणकावरच्या खेळाचे परीक्षण कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. पुस्तकाचे किंवा माहितीपटाचे परीक्षण आपण करतो ते त्यातून विद्यार्थ्यांपर्यंत कोणते विज्ञान पोहोचते हे पाहण्यासाठी. मोटारींच्या शर्यतीच्या खेळांतूनही बरेच काही पोहोचत असते, आणि ते शिक्षकांच्या नजरेआड पोहोचते. व्याख्यानाच्या निमित्ताने शाळांत गेलो की ‘टॉर्क’ हा शब्द कोणी ऐकला आहे का, असे आम्ही विचारतो. हात वर होतात. कोठे ऐकला, असे विचारले की पाठ्यपुस्तकाचे नाव क्वचितच निघते. खेळाचे नाव निघते. तेव्हा या खेळांपैकी एक नीट उघडून पाहावा असे वाटले.

त्यासाठी आम्ही ‘नीड फॉर स्पीड: अंडरग्राउंड २’ हा खेळ निवडला. कॅनडातील व्हँकुव्हर येथील ईए ब्लॅक बॉक्स या संस्थेने तो तयार केला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने नोव्हेंबर २००४ मध्ये तो बाजारात आणला. म्हणजे खेळ जुना आहे. तो घडवणारी संस्थाही २०१३ मध्ये बंद झाली. तरीही निवड याचीच केली, कारण मोटार उघडून तिच्यात हवे ते बदल करण्याची जी मुभा या खेळाने दिली तिची आठवण खेळणारे अजून काढतात. शिवाय शाळेच्या खोलीत कापडाखाली झाकून ठेवलेल्या जुन्या संगणकावरही तो चालू शकतो, ही काही लहान गोष्ट नव्हे.

अशा खेळांचा वंश थोडक्यात सांगितला पाहिजे. १९८९ साली ‘स्ट्रीट रॉड’ नावाचा एक खेळ आला होता. त्यात १९६३ सालची अमेरिका दाखवली होती. वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून जुनी मोटार विकत घ्यायची, इंजिनाचे बोल्ट एकेक करून काढायचे, दुसरे इंजिन बसवायचे आणि मग कोणाला तरी शर्यतीचे आव्हान द्यायचे. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये ‘ग्रान टुरिस्मो’ आला आणि गिअरची गुणोत्तरे, स्प्रिंगांचा ताठपणा, ब्रेकची वाटणी हे शब्द घराघरांतल्या मुलांच्या तोंडी बसवले. परंतु त्याच्या शर्यती मुख्यतः शर्यतीसाठी बांधलेल्या मार्गांवर होत्या. २००१ मध्ये रस्त्यावरच्या बेकायदा शर्यतींवरचा ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ हा अमेरिकन चित्रपट गाजला आणि त्या लाटेवर २००३ मध्ये पहिला ‘अंडरग्राउंड’ व पुढच्याच वर्षी हा दुसरा आला. शर्यत बंदिस्त मार्गावरून शहराच्या रस्त्यावर आली ती अशी.

शहराचे नाव बेव्ह्यू. ते काल्पनिक आहे. तेथे कायम रात्र असते, रस्ते बहुधा ओले असतात आणि त्यांत निळ्या-जांभळ्या दिव्यांची प्रतिबिंबे पडतात. खेळणारा विमानतळावर उतरतो, रेचेल नावाच्या ओळखीच्या मुलीची निसान ३५०झेड चालवत तिच्याकडे जातो, आणि तेथून स्वतःची पहिली गाडी घेऊन त्याचा प्रवास सुरू होतो. दुकाने नकाशावर आयती मिळत नाहीत. बरीचशी गाडी हिंडवून शोधावी लागतात. हे आम्हाला आवडले. शहर पाठ होत जाते, चढ कोठे आहे, वळण कोठे अरुंद होते हे हाताला कळू लागते. मात्र या शहरात रस्त्याने चालणारे कोणी नाही, आणि पोलीसही नाहीत. इतर गाड्या आहेत, पण त्यांत माणसे आहेत असे कधी जाणवत नाही. ही गैरहजेरी लक्षात ठेवावी, पुढे तिचा विचार करायचा आहे.

आता या खेळातल्या उत्तम भागाकडे वळू. गाडीच्या यंत्रातले सुटे भाग विकत घेतल्यावर ती ‘डायनो’वर चढवता येते. डायनो म्हणजे डायनॅमोमीटर, इंजिनाची शक्ती मोजणारे यंत्र. खऱ्या कार्यशाळेत गाडीची चाके मोठ्या रुळांवर ठेवतात, गाडी जागच्या जागी पळवतात आणि रुळांना बसणाऱ्या रेट्यावरून चाकांपर्यंत किती टॉर्क व किती अश्वशक्ती पोहोचते ते काढतात. खेळात हेच चित्ररूपाने होते. येथे गिअरची गुणोत्तरे, स्प्रिंगा, शॉक अॅब्सॉर्बर, गाडीची जमिनीपासूनची उंची, पुढच्या-मागच्या ब्रेकमधली वाटणी, टायरांची पकड, हवेचा खाली दाब असे कितीतरी घटक सरकपट्ट्या इकडे-तिकडे करून बदलता येतात. बदल करायचा, चाचणीच्या मार्गावर गाडी पळवायची, परत यायचे, दुसरा बदल करायचा. वेगवेगळ्या प्रकारच्या शर्यतींसाठी वेगवेगळी मांडणी राखून ठेवायची. एका वेळी एकच घटक बदला आणि परिणाम पाहा, हे प्रयोगाचे पहिले सूत्र आपण वर्गात घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. येथे मुले ते आपण होऊन पाळतात, कारण दोन पट्ट्या एकदम हलवल्या तर गाडी कशाने सुधारली हे कळत नाही आणि पुढची शर्यत हातची जाते.

गिअरचेच उदाहरण घेऊ. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. पाठ्यपुस्तकात त्याला बलाचे आघूर्ण म्हणतात. एक इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेताना १५० न्यूटन-मीटर टॉर्क देते असे धरा. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग. मिनिटाला ६००० फेरे म्हणजे सेकंदाला १००, म्हणजे सुमारे ६२८ रेडियन. गुणाकार येतो ९४,२०० वॅट, सुमारे १२६ अश्वशक्ती. आता पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३ आणि चाकांजवळच्या शेवटच्या दातेरी जोडीचे ४ असेल, तर चाक इंजिनाच्या एक-बारांश गतीने फिरेल आणि त्याच्यावरचा टॉर्क बारापट, १८०० न्यूटन-मीटर होईल. चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरली तर रस्त्याला मिळणारा रेटा ६००० न्यूटन. गाडी १२०० किलोग्रॅमची असेल तर त्वरण दर सेकंदाला सेकंदास ५ मीटर. छान! पण या गिअरमध्ये ६००० फेऱ्यांना गाडीचा वेग भरतो ताशी अवघा ५७ किलोमीटर. वरच्या गिअरचे गुणोत्तर १ घ्या. रेटा २००० न्यूटनांवर येतो, एक-तृतीयांश. आणि वेग तिप्पट, ताशी १७० किलोमीटर होतो. रेटा आणि वेग यांचा गुणाकार दोन्ही वेळा तोच, ९४,२०० वॅट. गिअर शक्ती निर्माण करीत नाही, फक्त तिचे रूप बदलून देतो. (घर्षणात काही वाया जाते ते येथे सोडून दिले आहे.)

हे गणित फळ्यावर मांडले तर वर्गातले निम्मे चेहरे विझतात. खेळात तेच मुलांच्या बोटांना कळते. गुणोत्तर वाढवले की गाडी सुटताना उसळते पण लांब सरळ रस्त्यावर इंजिन किंचाळत राहते आणि वेग वाढत नाही. कमी केले की सुटताना गाडी आळसावते आणि शेवटी पुढे जाते. ‘ड्रॅग’ नावाच्या सरळ रेषेतल्या शर्यतीत तर गिअर आपल्याच हाताने बदलावा लागतो आणि फेऱ्यांचा काटा लाल भागात फार वेळ राहिला तर इंजिन फुटते. या शर्यतीसाठी मांडणी जुळवणारा मुलगा, त्याला शब्द ठाऊक असोत वा नसोत, इष्टतम मूल्य शोधत असतो. त्याला आपण फक्त शब्द आणि समीकरण द्यायचे. एवढी तयार जमीन पाठ्यपुस्तकाला क्वचित मिळते.

अश्वशक्तीच्या बाबतीत मात्र शिक्षकाने थोडी मदत करावी लागते. दुप्पट अश्वशक्ती म्हणजे दुप्पट वेग, ही समजूत मुलांमध्ये फार पक्की असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्या विरोधावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणून जास्तीत जास्त वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट हवी. उलट बाजूने, शक्ती दुप्पट केली तर वेग वाढतो सुमारे २६ टक्के. ताशी १९० किलोमीटर जाणारी गाडी तेवढ्या खर्चात २४० पर्यंत जाईल, ३८० पर्यंत नव्हे. दुकानातला सर्वांत महागडा भाग बसवूनही काटा थोडासाच पुढे का सरकला, या मुलाच्या तक्रारीचे उत्तर या घनमुळात आहे.

नायट्रसबद्दलही दोन शब्द. खेळात बटण दाबले की गाडी झेप घेते, आणि मुलांना वाटते की टाकीत एखादे जहाल इंधन आहे. तो वायू म्हणजे नायट्रस ऑक्साइड, जोसेफ प्रीस्टलीने १७७२ मध्ये तयार केलेला, पुढे हम्फ्री डेव्हीने स्वतः हुंगून पाहिलेला हास्यवायू. तो स्वतः जळत नाही. इंजिनाच्या उष्णतेत त्याचे विघटन होऊन ऑक्सिजन सुटतो. वजनाने पाहिले तर हवेत ऑक्सिजन सुमारे २३ टक्के असतो, या वायूत ३६ टक्के. जास्त ऑक्सिजन मिळाल्यामुळे त्याच सिलिंडरात जास्त पेट्रोल जाळता येते. शिवाय द्रवरूपातला हा वायू उणे ८८ अंश सेल्सिअसला उकळत असल्याने आत येणारी हवा थंड व दाट होते. ज्वलनाला इंधन आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, हा सातवीचा धडा शर्यतीच्या गाडीपर्यंत असा पोहोचतो.

येथवर आमची तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती गाडी कार्यशाळेतून बाहेर आल्यावर.

खेळात गाडीला दोन प्रकारचे बदल करता येतात, एक यंत्रातले आणि दुसरे दिसण्यातले. दिसण्यातल्या बदलांची यादी फार मोठी आहे: बंपर, बॉनेट, रंग, चित्रे, चाकांच्या रिमा, वर उघडणारी दारे, गाडीखालचे निऑन दिवे, डिकीतले स्पीकर आणि पडदे. या सजावटीला तारे मिळतात, जास्तीत जास्त दहा. पुरेसे तारे झाले की मासिकाच्या मुखपृष्ठासाठी गाडीचा फोटो काढण्याचे निमंत्रण येते, ठरलेल्या वेळात ठरलेल्या जागी जाऊन गाडी उभी करायची आणि कोन निवडायचा. नुसत्या शर्यती जिंकून भागत नाही. पुरस्कर्त्या कंपनीच्या करारात अशी मुखपृष्ठेही मोजली जातात. सजावटीला आमचा विरोध नाही. आपल्याकडचा ट्रकचालक फळीवर मोर रंगवतो आणि आरशाला गोंडे लावतो, त्यातही आपल्या वाहनाविषयीची माया असते. आमचा आक्षेप हिशेबाला आहे. याच खेळात गाडीचे वजन कमी करण्याचा एक स्वतंत्र, महाग बदल विकला जातो, आणि तो बरोबर आहे, कारण त्वरण वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. मग तीच गाडी डिकीत भिंतभर स्पीकर, अॅम्प्लिफायर आणि पडदे घेऊन पळते, आणि शर्यतीच्या वेळेत काहीही फरक पडत नाही! पैसे देऊन काढलेले वजन मोजले जाते, हौसेने भरलेले मोजले जात नाही. न्यूटनचा दुसरा नियम एका दुकानात लागू आणि शेजारच्या दुकानात रद्द.

याहून खोलवरचा दोष शर्यतीतच आहे, आणि तो सहज दिसत नाही. आपण मागे पडलो की प्रतिस्पर्धी मंदावतात. आपण फार पुढे गेलो की त्यांच्या गाड्यांना कोठून तरी बळ येते आणि शेवटच्या वळणावर त्यांचे दिवे आपल्या आरशात दिसू लागतात. सर्व गाड्या जणू रबराच्या दोरीने एकमेकींना बांधलेल्या असतात. चुरस टिकावी म्हणून ही योजना आहे, आणि करमणूक म्हणून ती समजण्यासारखी आहे. पण प्रयोगाच्या दृष्टीने पाहा काय झाले. मुलाने दोन तास बसून गिअर जुळवले, फेरीची वेळ चार सेकंदांनी सुधारली, आणि शर्यतीत तो पूर्वीइतक्याच थोड्या अंतराने जिंकला. मोजायची वस्तू बदलली की मोजपट्टीही तेवढीच ताणली जात असेल तर त्या मोजण्याला काय अर्थ? ज्या खेळाने मुलाला कार्यशाळेत काळजीपूर्वक मोजायला शिकवले, तोच खेळ रस्त्यावर त्याला सांगतो की तुझ्या मोजण्याने निकाल ठरत नाही. एकेकट्या शर्यतीत ‘कॅच-अप’ हा पर्याय बंद करता येतो, ही त्यातल्या त्यात सोय. आम्ही तर म्हणू की ज्या शिक्षकाला हा खेळ वापरायचा आहे त्याने क्रमांकाकडे पाहूच नये, घड्याळाकडे पाहावे.

आणि आता धडक. ताशी २०० किलोमीटर वेगाने गाडी भिंतीवर आपटते, ठिणग्या उडतात, वेग कमी होतो, आणि दुसऱ्या क्षणी ती पुन्हा पळू लागते. बंपरला पोचा नाही, काचेला तडा नाही. ड्रॅग शर्यतीत समोरून येणाऱ्या गाडीवर आदळले तर शर्यत संपते. म्हणजे धडकेने गाडी निकामी होते हे खेळ तयार करणाऱ्यांना ठाऊक आहे. पण तेथेही पुढच्या प्रयत्नाला तीच गाडी नवी कोरी उभी असते.

या वेगांचा अर्थ मुलांना उंचीच्या भाषेत सांगावा, असे आम्ही सुचवतो. गतिज ऊर्जा आणि स्थितिज ऊर्जा समान धरल्या की उंची मिळते वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वीय त्वरणाची दुप्पट. ताशी ५० किलोमीटरला धडकणे म्हणजे सुमारे १० मीटरवरून, तीन मजल्यांवरून पडणे. ताशी १०० ला ही उंची दुप्पट होत नाही, चौपट होते: सुमारे ३९ मीटर. ताशी २०० ला १५७ मीटर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन कुतुबमिनारांहून जास्त. मुलांना हे आकडे आम्ही सांगतो तेव्हा वर्ग गप्प होतो. सूत्र त्यांना आधीपासून पाठ असते.

खेळाची बाजू घेणारे म्हणतात, मजेसाठी थोडी सूट घेतली, गाडी मोडत नाही एवढेच ना? आम्हाला ही सूट थोडी वाटत नाही, आणि त्याचे कारण पदार्थविज्ञानातले आहे. खऱ्या मोटारीचा पुढचा भाग धडकेत चेपतो तो कमजोर असल्यामुळे नव्हे. तो चेपावा म्हणूनच तसा बांधलेला असतो. बेला बॅरेनी या अभियंत्याने ही कल्पना १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पेटंट केली आणि १९५९ मध्ये ती मर्सिडीजच्या गाडीत प्रत्यक्ष आली. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी ६० सेंटिमीटर चेपत थांबली तर आतल्या माणसाला सोसावे लागणारे मंदन गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे १६ पट असते. पट्टा बांधलेला निरोगी माणूस त्यातून वाचू शकतो. तीच गाडी इतकी कठीण असेल की पाच सेंटिमीटरांतच थांबेल, तर ते मंदन जवळजवळ २०० पट होते. त्यातून वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणजे बेव्ह्यू शहरातली कधीही न चेपणारी ती सुंदर गाडी प्रत्यक्षात असती तर पहिल्या भिंतीशी गाडी शाबूत राहिली असती आणि चालक गेला असता. खेळ सुरक्षित दाखवतो ती नेमकी सर्वांत घातक गाडी आहे. आपल्याकडे आजही ‘जुन्या गाड्या काय दणकट होत्या, धडकल्या तरी पोचा येत नसे’ असे कौतुकाने बोलणारी वडीलधारी मंडळी भेटतात. हा गैरसमज खेळाने निर्माण केला नाही, पण तो नव्या पिढीच्या हाती नव्या रंगात दिला.

यावर कळस असा की नायट्रसची टाकी रिकामी झाली तर ती दुकानात भरायची नसते. घसरत वळणे घेतली, पुढच्या गाडीच्या अगदी पाठीला चिकटून गेलो, समोरून येणाऱ्या गाडीला केसाच्या अंतराने हुकवले, की टाकी भरते. पाठीला चिकटण्यात निदान थोडे विज्ञान आहे, कारण पुढच्या गाडीमागे हवेचा विरोध कमी असतो. पण केसाच्या अंतराने हुकवल्याबद्दल कोणता वायू कोठून येणार? येथे भौतिकशास्त्राची जागा बक्षिसाने घेतली आहे, आणि बक्षीस धोक्याला आहे. ताशी २०० किलोमीटर वेगाने एका सेकंदात गाडी ५५ मीटर जाते. पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत एवढा रस्ता संपलेला असतो. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरांनी, पुढे आणखी सुमारे २०० मीटर लागतात. बेव्ह्यूचे रस्ते ओले असतात हे वर सांगितलेच आहे. त्या २५५ मीटरांत एकही पादचारी नसतो, म्हणून खेळ चालतो.

हा खेळ खेळल्यामुळे मुलगा रस्त्यावर बेफाम गाडी चालवतो, असे सरळ विधान आम्ही करणार नाही. क्रिकेटचा खेळ संगणकावर खेळून कोणी फलंदाज होत नाही, तसेच याचेही असू शकेल. आमचा मुद्दा त्याहून मर्यादित आहे आणि शिक्षकाच्या अखत्यारीतला आहे. खेळणाऱ्याच्या डोक्यात यंत्राचे एक चित्र तयार होते. त्या चित्रातला गिअर, टॉर्क, वजनाचा समतोल हा भाग इतका खरा असतो की उरलेला भागही खराच असणार असा विश्वास बसतो. सर्वस्वी खोट्या खेळाने एवढे बिघडले नसते. उडत्या गालिचाच्या शर्यतीवरून कोणी भौतिकशास्त्र शिकत नाही.

वर्गात काय करता येईल? खेळ बंद करा असे सांगून उपयोग नाही, आणि तसे सांगावे असेही आम्हाला वाटत नाही. ज्या शाळेत संगणक आहे तेथे चाचणीच्या मार्गावर एकच गाडी, एकच रस्ता ठेवून फक्त शेवटच्या दातेरी जोडीचे गुणोत्तर पाच वेळा बदलावे, प्रत्येक वेळी तीनदा गाडी पळवून हातातल्या घड्याळाने वेळ घ्यावी, सरासरी काढावी आणि आलेख मांडावा. तीनही वेळा एकच आकडा येत नाही, हे मुलांना दिसले तरी अर्धे काम झाले. खेळणाऱ्याच्या हातातली चूक आणि गाडीतला फरक वेगळा कसा करायचा, ही चर्चा तेथूनच निघते. कोणता गिअर ‘चांगला’ या प्रश्नाला एक उत्तर नाही, अंतरावर ते अवलंबून आहे, हेही आलेखातून निघेल. त्याच तासाला धडकेचा प्रसंग थांबवून ठेवावा आणि प्रश्न विचारावा: १२०० किलोग्रॅमच्या या गाडीजवळ भिंतीआधी १८.५ लाख ज्यूल ऊर्जा होती, ती कोठे गेली? ठिणग्यांत किती, आवाजात किती, उरलेली कोठे? मुलांना हिशेब मागायची सवय लावली की खेळातली लबाडी ती स्वतःच पकडतात, आणि पकडल्याचा आनंद त्यांना शर्यत जिंकण्याइतकाच होतो.

संगणक नसेल तर सायकल आहे. गिअरची सायकल असलेला एखादा विद्यार्थी बहुतेक वर्गात सापडतो. पुढच्या आणि मागच्या चक्राचे दात मोजावेत, पायडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते ते खडूची खूण करून मापावे, दातांच्या गुणोत्तराशी ताडून पाहावे. मग चढावर जाऊन कोणत्या जोडीत पायाला किती जोर लागतो ते पाहावे. डायनोवर जे सरकपट्टीने होते ते येथे मांड्यांना कळते.

दहावीच्या पुढच्या विद्यार्थ्यांशी बोलताना कायद्याचीही आठवण करून द्यावी, कारण गाडी बदलण्याची हौस पडद्यावरून रस्त्यावर यायला वेळ लागत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीच्या वेळी उत्पादकाने दिलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. सोळा वर्षे पूर्ण झालेल्याला ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचाच परवाना मिळतो, बाकी वाहनांसाठी किमान अठरा वर्षे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनाच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. पालकसभेत हे कलम वाचून दाखवायला हरकत नाही. चावी घरातल्या ज्या खिळ्याला टांगलेली असते तो खिळा पालकांच्या हाताजवळ असतो.

खेळाची तबकडी आता नवी मिळत नाही, आणि ईएने तो पुन्हा बाजारात आणलेला नाही. ज्यांच्याकडे जुनी आहे त्यांनी ती जपून ठेवावी आणि पहिला तास डायनोच्या खोलीत घालवावा.